टर्बो पेट्रोल गाडीत ‘लीन’चा कोड पुन्हा पुन्हा येतो? सेन्सर बदलण्याआधी या क्रमाने तपासा

चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर पी०१७१ दाखवतो. कुणीतरी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून देतं, दिवा विझतो आणि काही दिवसांत पुन्हा लागतो. सोलापुरात टर्बो पेट्रोल गाड्या वाढल्यापासून आमच्या गॅरेजात ही तक्रार सतत येते. मार्च उलटला की जास्तच. गाडी आमच्याकडे येईपर्यंत मालकाचे सेन्सरवर हजारो रुपये गेलेले असतात, आणि दोष बहुतेक वेळा एखाद्या सैल क्लॅम्पमध्ये नाहीतर चिरलेल्या रबरी नळीत सापडतो.

लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इथेनॉल नसलेलं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, साधारण १३.५ पट. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे प्रमाण सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरवरून पाहतो, आणि पेट्रोल कमी वाटलं की इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. असं किती टक्के वाढवावं लागलं, त्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पी०१७१ एवढंच सांगतो की ईसीयू पेट्रोल वाढवत हद्दीपर्यंत पोहोचला, तरी सेन्सरला ते कमीच दिसतंय. सेन्सर खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. जुना कोड पुसला की शिकलेले ट्रिमही शून्यावर जातात, ते परत चढेपर्यंत दिवा बंद राहतो, आणि तेवढ्या दिवसांत ‘नवीन सेन्सरने काम झालं’ असं सगळ्यांना वाटतं.

साध्या इंजिनात हा दोष महिनोन् महिने अंगावर काढला तरी बहुधा मिसिंग आणि मायलेजवर भागतं. टर्बोत तसं नाही. बूस्ट असताना सिलिंडरमध्ये हवा कोंबलेली असते. पूर्ण लोडवर सिलिंडर थंड ठेवायला पुष्कळ इंजिनं मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल देतात. तिथे पेट्रोल कमी पडलं तर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) सुरू होतं, पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. म्हणून कारण सापडेपर्यंत गाडी हळू चालवा. ओव्हरटेकसाठी ॲक्सिलरेटर तळाला दाबू नका.

लक्षणं

“साहेब, गाडी बरीय, फक्त सिग्नलला थरथरतीय.” बहुतेकांची सुरुवात अशीच होते. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, वर-खाली होतो. सकाळी पहिला स्टार्ट लांबतो. साधारण १,८०० ते २,५०० आरपीएममध्ये, म्हणजे टर्बो भरायला लागतो तिथे, गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम सुटते. बॉनेटमधून बारीक शिट्टी ऐकू येते. कधी इनटेकमध्ये ‘फट्’ असा आवाज होतो. मायलेज पडतं.

पेट्रोल भरल्या भरल्या स्टार्ट जड जातो का, हे आठवून सांगा. तसं असेल तर शोध थेट पर्ज व्हॉल्व्हपासून सुरू करता येतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

प्लग काढून ‘पांढरा आहे म्हणजे लीन’ असा निकाल देण्याची पद्धत अजून चालते. हल्लीच्या पेट्रोलवर निरोगी इंजिनाचा प्लगही फिकटच दिसतो. एकाच सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा असेल तरच त्याला महत्त्व द्या.

फुकटातली तपासणी: आकडे वाचा

कोड पुसू नका आणि बॅटरीची केबल काढू नका. कोड लागला त्या क्षणाचे आकडे ईसीयूने साठवलेले असतात. स्कॅनरमध्ये ते फ्रीझ फ्रेम म्हणून दिसतात. आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग यांचा फोटो काढून ठेवा. ७५० आरपीएमला उभ्या गाडीत लागलेला कोड आणि हायवेला ३,००० आरपीएमला लागलेला कोड यांची कारणं सहसा वेगळी असतात.

गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये बसून मोबाइलला जोडणारा ओबीडी ॲडाप्टर हजार-दीड हजारात येतो, आणि या कामात तोच सर्वांत उपयोगी आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून ठेवलेला) ट्रिमची बेरीज तीन वेळा लिहा: आयडलला, न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएम धरून, आणि चढावर लोड असताना. चढासाठी आम्ही तुळजापूरच्या घाटात जातो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, बेताच्या ॲक्सिलरेटरवर. मोबाइल शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात हवा, चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा.

बेरीज अधिक-उणे ५ पर्यंत असेल तर गाडी निरोगी, १० पर्यंत चालतं. १५ च्या पुढे गेली की कारण शोधायलाच हवं, आणि बहुतेक गाड्यांत २५ च्या आसपास दिवा लागतो. पण कामाचा आहे तो तीन आकड्यांमधला फरक.

आयडलला अधिक २२ आणि २,५०० ला अधिक ६ असेल तर बहुधा बाहेरची हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, शिरतेय. भोक तेवढंच राहतं. आयडलला आत येणारी एकूण हवा थोडी, म्हणून तिथे त्याचा वाटा मोठा दिसतो. आयडलला अधिक ३ आणि चढावर अधिक २० असेल तर पेट्रोल पुरत नाही, किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी सांगतोय. तिन्हीकडे सारखंच अधिक १५ असेल तर ऑक्सिजन सेन्सरपर्यंत चुकीची बातमी पोहोचतेय का ते पाहा, किंवा इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब.

ई२० मुळे थोडा आकडा असतोच. ई१० वर जुळवलेल्या जुन्या गाडीला ई२० वर साधारण ४ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं, हे त्या १३.५ च्या हिशोबातूनच येतं. तेवढ्या ट्रिमला दोष समजून पैसे घालवू नका. पण अधिक २० चं खापर कुणी इथेनॉलवर फोडत असेल तर ते पटवून घेऊ नका.

गाडीत मॅफ आहे की मॅप?

हा प्रश्न न विचारता शोध सुरू केला तर दिवस वाया जातो. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर किंवा डब्याच्या तोंडाशीच चार-पाच तारांचा सेन्सर बसवलेला असेल तर तो मॅफ, म्हणजे आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा. तिथे काही नसेल आणि फक्त मॅनिफोल्डवर छोटा सेन्सर असेल तर गाडी मॅपवर चालते: मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान पाहून ईसीयू हिशोब करतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान टर्बो गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

मॅफवाल्या गाडीत सेन्सरच्या पुढे कुठूनही हवा शिरली की ती न मोजलेली, म्हणून मिश्रण लीन. मॅपवाल्या गाडीत गळतीने मॅनिफोल्डमधला दाबच वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही देतो, त्यामुळे लीनऐवजी आयडल चढलेला दिसतो. मॅपवाली गाडी ठळक लीन दाखवत असेल तर हवेच्या नळ्यांवर एक नजर टाका आणि पेट्रोलचा दाब, एक्झॉस्टची गळती आणि मॅप व तापमानाचे सेन्सर यांच्याकडे वळा.

इंटरकूलरचा पाइप फाटला की गाडी लीन होते, असं आपल्या गॅरेजांतून सर्रास सांगतात. मॅफवाल्या गाडीत होतं त्याच्या उलट. टर्बोनंतरच्या पाइपातून बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशोबाने पडतं, आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. पिकअप जातो, काळा धूर येतो, बूस्ट कमी पडल्याचा कोड पी०२९९ लागतो. लीनचा दोष असतो तो मॅफ आणि टर्बो यांच्या मधल्या तुकड्यात. तिथे टर्बो कायम हवा ओढत असतो, म्हणून बारीक चीरही पुरते. वर आपली काळ्या मातीची धूळ त्या चिरेतून फिल्टर न होता आत जाते आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते.

हाताने होणाऱ्या तपासण्या

इंजिन थंड असतानाच करा. पूर्ण लोडवर पेट्रोल टर्बोची एक्झॉस्ट बाजू ९०० अंशांच्या पुढे जाते आणि गाडी थांबवल्यावरही बराच वेळ चटका देते.

सुरुवात एअर फिल्टरपासून, कारण अलीकडेच सर्व्हिसिंग झालं असेल तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. फिल्टर बदलताना पाइप सैल केला जातो आणि क्लॅम्प नीट आवळला जात नाही, किंवा पाइपाची कड दुमडून बसते. हात घालून पाइप हलवून बघा. पाइप एकॉर्डियनसारखा घड्यांचा असेल तर प्रत्येक घडी ताणून खालच्या बाजूला टॉर्च मारा; चिरा खालीच पडतात, वरून दिसत नाहीत.

फिल्टर कंप्रेसरच्या हवेने झटकून परत बसवणं बंद करा. कागद बारीक फाटतो, धूळ मॅफच्या तारेवर बसते. ती तार हवेने किती थंड होते यावरून हवा मोजली जाते. धुळीचं पांघरूण बसलेली तार कमी थंड होते, सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू कमी पेट्रोल देतो. चढावर लीन, आयडलला बरी, अशा गाड्यांत हे कारण मी वारंवार पाहतो. मॅफसाठी मिळणारा खास क्लीनरच वापरा, तारेला बोट किंवा कापड लावू नका, पूर्ण वाळल्यावरच बसवा. कार्ब क्लीनर इथे चालत नाही. तेल लावलेला ‘परफॉर्मन्स’ फिल्टर असेल तर तो काढून कंपनीचा बसवा आणि ट्रिम पुन्हा वाचा.

मग व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो, बॉनेटखालची उष्णता त्याच्या कितीतरी वर. तीन-चार उन्हाळे काढलेली रबरी नळी टोकाशी कडक होऊन उभी चिरते. दाबून बघा, चुरचुरली तर बदला. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही पुष्कळ सापडतात, विशेषतः गोदामाजवळ किंवा शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत. चिरलेल्या नळीवर टेप गुंडाळणं हा उपाय नाही. बूस्ट आला की टेप सुटतो आणि तोच कोड परत येतो.

ब्रेक बूस्टरची जाड नळीही याच कुटुंबातली. आयडलला ब्रेक दाबल्यावर फुसफुस ऐकू आली किंवा आरपीएम हलला तर ती तपासा. पेडल दगडासारखं कडक लागत असेल तर गाडी जागची हलवू नका, टो करून न्या.

पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसचा श्वास: इंजिनाच्या तळात साठणारे वायू परत इनटेकमध्ये नेणारी वाट. टर्बो गाडीत याला आतून रबरी पडदा आणि उलटा दाब अडवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि पडदा फाटला की बारीक शिट्टी येते. इंजिन आयडलला ठेवून डिपस्टिक थोडी वर ओढा. शिट्टी थांबली तर पडदा गेलाय. ऑइलचं झाकण चालू इंजिनात नेहमीच थोडं ओढलं जातं, पण हाताला जोर लावावा लागत असेल तर तेच कारण. अनेक इंजिनांत हा पडदा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच असतो आणि अख्खं कव्हर बदलावं लागतं, म्हणून खात्री झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पर्ज व्हॉल्व्ह टाकीतली पेट्रोलची वाफ मॅनिफोल्डला देतो. वीज नसताना तो बंद असायला हवा. त्याचं कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा, कॅनिस्टरकडून (टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकी भरल्यावर स्टार्ट जड जाण्याचं कारणही बहुधा हेच. पाच मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याची सवय धोक्याची आहे. तापलेल्या टर्बोवर थेंब पडला तर भडका उडतो. पाण्याचा फवाराही एक्झॉस्टकडे नको, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. संशय राहिलाच तर गॅरेजात स्मोक टेस्ट करून घ्या. हलक्या दाबाने पाइपात धूर सोडतात आणि जिथून धूर निघतो तिथे दोष. सेन्सरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

सेन्सर खरं बोलतोय का?

मॅप सेन्सर तपासायला एक पैसाही लागत नाही. इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर मॅपचा आकडा बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणून इथे हा आकडा ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. यूट्यूबवर १०१ ऐकून इथला चांगला सेन्सर बाद करू नका, तो आकडा मुंबईसारख्या किनाऱ्यावरचा आहे. इथे ८८ दाखवत असेल तर मात्र सेन्सर कमी सांगतोय आणि पेट्रोल कमी पडणारच. रात्रभर उभ्या गाडीत इनटेकच्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. हवेचा सेन्सर खूप गरम सांगत असेल तर ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कापतो.

आता पुढचा ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या आधीच्या सांध्यात एक्झॉस्ट गळत असेल तर दोन स्पंदनांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तो ऑक्सिजन प्रामाणिकपणे मोजतो आणि चांगल्या इंजिनालाही लीन ठरवतो. सकाळी थंड स्टार्टला टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो का, ते ऐका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो आणि डाउनपाइपच्या (टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपाच्या) सांध्यांवर काळी काजळी शोधा. मागच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरचीही साक्ष काढा: गरम गाडीत तो साधारण ०.६ ते ०.८ व्होल्टवर स्थिर असतो. पुढचा लीन ओरडतोय आणि मागचा ठामपणे ०.८ च्या वर, तर पुढच्यावर किंवा त्याच्या आधीच्या सांध्यावर संशय घ्या. दोघंही लीन म्हणत असतील तर इंजिन खरंच लीन आहे, आणि सेन्सर बदलून काही होणार नाही.

पेट्रोलची बाजू

चढावर ट्रिम वाढतो, मॅफ स्वच्छ आहे, हवेची गळती नाही, अशा वेळी इथे या. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या) गाडीत स्कॅनरवर रेल प्रेशरचे, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतल्या दाबाचे, दोन आकडे दिसतात, मागितलेला आणि प्रत्यक्ष. घाटात मागितलेला वर जातो आणि प्रत्यक्ष मागे राहतो, तर पुरवठा कमी आहे. आधी टाकीतला पंप आणि त्याची जाळी बघायची, कारण खालून पेट्रोल कमी आलं की हाय प्रेशर पंपही दाब बनवू शकत नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. मे महिन्यात कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्या गाड्यांचे पंप लवकर जातात, त्यामुळे निदान पाव टाकी ठेवा. महिनाभर उभ्या गाडीत पावसाळ्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर टाकीच्या तळाशी पाणी आहे का ते बघायला सांगा. इथेनॉल पाणी धरतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाला बसतात.

इथे थांबा

वरचं बहुतेक सगळं घरी होण्यासारखं आहे. पुढचं नाही. डायरेक्ट इंजेक्शनची हाय प्रेशर लाइन घरी उघडू नका. तिथे १०० ते ३५० बार दाब असतो, आणि पेट्रोलची ती धार कातडी भेदून आत जाते. टर्बोच्या मॅनिफोल्डचे नट-बोल्टही अनुभवी फिटरकडेच द्या. उष्णतेने चिकटलेले असतात, तुटले की हेड उतरवायची वेळ येते. इंजेक्टर काढणं, कॉम्प्रेशन, टायमिंग चेन हेही वर्कशॉपचं काम. गाडी वॉरंटीत असेल तर नळीसुद्धा स्वतः बदलू नका, आकडे लिहून सर्व्हिस सेंटरला न्या. रिमॅप केलेली, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेली, गाडी आधी मूळ सॉफ्टवेअरवर आणा. त्याशिवाय कुठलाही निष्कर्ष खरा नाही.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, चढावर इंजिन खडखडत असेल, किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर रस्त्याच्या कडेला थांबा आणि टो बोलवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय.

गाडी दुसऱ्या कुणाकडे देत असाल तर कागदावर एवढं लिहून द्या: फ्रीझ फ्रेमचे आकडे, तीन ठिकाणचे ट्रिम, मॅफ की मॅप, आणि आजवर काय काय बदललं. चांगला मिस्त्री तो कागद वाचून अर्धा तास वाचवतो. कागद न बघता ‘सेन्सर बदलू’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

दुरुस्तीनंतर कोड आणि जुने ट्रिम पुसा, आणि शहरात व हायवेला मिळून काही दिवस नेहमीसारखी चालवा. मग तेच तीन आकडे पुन्हा घ्या, चढाचा आकडा आधीच्याच घाटात. लाँग टर्म ट्रिम तिन्हीकडे एकअंकी राहून स्थिरावला तर काम झालं. दिवा बंद आहे पण आयडलचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकतोय, तर एक गळती अजून शिल्लक आहे, आणि दिवा लागायची वाट न बघता तिचा शोध सुरू करा.